भुसावळच्या ट्रंकेत सापडलेला रॉकेट-गल्ला : न फोडता उघडायचा कसा?

लोको_कॉलनीची_नात

मंडळी, नमस्कार. आधी प्रश्न विचारते, मग पाल्हाळ.

जड धातूचा एक जुना गल्ला हाती लागलाय. किल्ली नाही. हलवला की आत खुळखुळतं. तो न फोडता उघडायचा कसा, साफ कशाने करायचा आणि ही वस्तू नेमकी आहे तरी काय, एवढं कुणी सांगू शकेल का?

आता पाल्हाळ. भुसावळचं घर आम्ही विकतोय. आजोबा स्टीम इंजिनांच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बांधलेल्या दोन खोल्या, पुढे बाबांनी वाढवलेली तिसरी, आणि माळ्यावर साठ वर्षांचा पसारा. मे महिन्यात, भुसावळच्या उन्हात, पत्र्याखालचा माळा आवरायचा हा निर्णय ज्याने घेतला तो माझा भाऊ स्वतः पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर "हळू गं, हळू" म्हणत होता. असो.

आजीच्या काळ्या ट्रंकेत तळाशी नऊवारी, त्याखाली पंचांगं, आणि पंचांगांखाली एका धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला हा गल्ला. लांबी वीतभर. एका टोकाला तिरकस उभं केलेलं रॉकेट, मागे तीन पंख. दुसऱ्या टोकाला खड्डेखड्डे असलेला चंद्र, चिकूएवढा. चंद्राला फट आहे. रॉकेटच्या पाठीवर नाणं ठेवायचं, रॉकेट मागे ओढायचं, खिट्टी दाबायची. रॉकेट खाटकन पुढे जातं आणि नाणं चंद्रात! मी स्वतः करून पाहिलं. वय वर्षं बावन्न, गुडघ्याला पट्टा, आणि मी माळ्यावर एकटीच टाळ्या वाजवल्या.

बाजूला इंग्रजीत 'स्ट्रॅटो' असं उठावाचं अक्षर आहे. तळाला 'डेट्रॉइट' वाचता येतं आणि एक गोल झाकण, त्याला किल्लीचं भोक. पुढे एक पट्टी चिकटवलेली, तिच्यावरचं नाव झिजलंय. शेवटचे दोनच शब्द उरलेत : 'नॅशनल बँक'.

हा इथे आला कसा ते मला ठाऊक आहे. आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना बापूआजोबा म्हणायचो, १९५९ साली शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला मिशिगनला गेले होते. शिष्यवृत्ती शिकण्याची होती, बोटीच्या तिकिटाची नव्हती. ते पैसे यावल तालुक्यातली जमीन गहाण टाकून उभे राहिले. तिथे त्यांनी खातं उघडलं तेव्हा काउंटरवर मुलांसाठी हे गल्ले ठेवलेले होते. "माझा पुतण्या आहे भारतात" असं सांगून एक मागून घेतला म्हणे. पुतण्या म्हणजे माझे बाबा. १९६१ मध्ये बापूआजोबा परत आले ते दोन सूट, एक स्लाइड रूल आणि हा गल्ला घेऊन. जमीन सोडवायला मात्र पुढे अकरा वर्षं गेली.

आमच्या घरात तेव्हा गल्ला म्हणजे कुंभाराकडचा मातीचा. त्यातला पैसा काढायचा एकच रस्ता : फोडणे. आणि हा असा, किल्लीने उघडणारा, चंद्रावर पैसे पाठवणारा! आमच्या आळीत त्या सुमारास तीन कुत्र्यांची नावं लायका (रशियाने अवकाशात पाठवलेल्या कुत्रीवरून) होती, त्यांतला एक तर बोका होता असं आत्या सांगते. म्हणजे वारं गावात आलेलंच होतं, फक्त वस्तू आली नव्हती.

माझ्या डोक्यात घोळतंय ते असं की तिकडच्या लोकांना खरंच वाटत होतं का, की पोरगं रोज एक नाणं चंद्रावर मारेल आणि मोठं होईपर्यंत माणूसही तिथे पोहोचेल? आणि बचतीचा नि रॉकेटचा संबंध काय? बँकेने गल्ल्याला घराचा, डुकराचा, तिजोरीचा आकार द्यावा. रॉकेट का?

किल्ल्यांचा आजीचा जुडगा आहे, त्यात एकोणीस किल्ल्या आहेत, पण सगळ्या कुलपांच्या आणि कपाटाच्या दिसतात. शेजारचा वेल्डर म्हणाला, "ताई, द्या इकडे, खालून कापतो आणि परत ब्रेझिंगने जोडून देतो." मी दिला नाही. बरं केलं का?

---

डाय_मोल्ड_जळगाव

ताई, नाही दिलात ते फार बरं केलंत. वेल्डरच्या हातात ही वस्तू म्हणजे संपली.

मी जळगावच्या एमआयडीसीत डाय, म्हणजे साचे, बनवतो. पाइपांच्या फिटिंगच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या. पण सुरुवातीची सात वर्षं जस्ताच्या डायकास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून वस्तू करण्यात, काढली, म्हणून हा धातू हाताला कळतो. तुमचा गल्ला लोखंडाचा नाही, पितळेचाही नाही. जस्तात चारेक टक्के ॲल्युमिनिअम आणि थोडं तांबं घालून केलेला मिश्रधातू आहे. तो ३८० ते ३९० अंशांच्या आसपास वितळतो. ब्रेझिंगला सातशेच्या वर तापवावं लागतं. म्हणजे वेल्डरने ज्योत लावली की रॉकेट आणि चंद्र मिळून एक गोळा झाला असता.

वस्तूचं म्हणाल तर हिला 'स्ट्रॅटो बँक' म्हणतात. डेट्रॉइटच्या 'ड्युरो मोल्ड अँड मॅन्युफॅक्चरिंग' या कारखान्याचा माल, १९५० च्या दशकातला. स्ट्रॅटो म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, वातावरणाचा वरचा थर. असे गल्ले दुकानांपेक्षा जास्त बँकांतूनच वाटले गेले, पुढच्या पट्टीवर ज्या-त्या बँकेचं नाव लावून.

आता रॉकेट का आणि डेट्रॉइटच का, यावर माझं कारागिराचं उत्तर ऐका. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. मोटारीच्या दाराच्या मुठी, बोनेटवरचे बिल्ले, कार्ब्युरेटरचा सांगाडा, हे सगळं याच जस्ताचं. डाय खोदणारे हात तिथे गल्लोगल्ली. आणि मोटारी स्वतःच रॉकेट व्हायला निघाल्या होत्या. ओल्डस्मोबिल कंपनी मिशिगनमधल्याच लान्सिंगची. तिने १९४९ च्या गाडीतल्या इंजिनाचं नावच 'रॉकेट' ठेवलं होतं. १९५९ ची कॅडिलॅक पाहा, मागचे पंख गाडीचे आहेत की विमानाचे ते कळत नाही. ज्या माणसाने दिवसा बोनेटवरचं रॉकेट खोदलं त्याला संध्याकाळी गल्ल्याचं रॉकेट खोदायला काय लागतं? तुमच्या गल्ल्यावरचे ते तीन पंख मला मोटारीचेच वाटतात, खऱ्या अग्निबाणाचे नाही.

साफसफाईबद्दल. चिंच, लिंबू, ताक यांतलं काहीही लावू नका. तांब्या-पितळेला आंबट चालतं, जस्ताला आंबट खाऊन टाकतं. मऊ ब्रश, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, लगेच कोरडं पुसा. चकाकी आणायच्या नादात घासू नका. वरचा रंग लाखेसारखा पातळ असतो, एकदा गेला की गेला. स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

आणि भिंग घेऊन नीट बघा, कुठे बारीक जाळीसारख्या भेगा, फोड, भुगा दिसतो का. जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल तर दमट हवेत धातू आतून फुगतो आणि वर्षांनी बिस्किटासारखा तुटतो. त्याला औषध नाही. पण तुमचा भुसावळच्या पत्र्याखाली भाजून निघालाय, कोरडा राहिला असणार. कोकणात असता तर कधीच भुगा झाला असता. उन्हाळ्याला शिव्या देताना एवढं लक्षात ठेवा.

किल्ली जाड नसते. पत्र्यातून ठोकून काढलेली, चपटी, बिनदांड्याची, खेळण्यातली वाटावी अशी. जुडगा परत एकदा तपासा. आणि हो, रॉकेट पुन्हापुन्हा उडवू नका. स्प्रिंग साठ वर्षांची आहे आणि ती ज्याला टेकते तो जस्ताचा कान त्याहून नाजूक.

---

निवृत्त_रोखपाल_अमळनेर

ताईंचा 'बचतीचा आणि रॉकेटचा संबंध काय' हा प्रश्न मला आवडला. डायवाले दादांनी कारखान्याच्या बाजूने उत्तर दिलं, मी काउंटरच्या बाजूने देतो. चौतीस वर्षं रोखपाल होतो.

अमेरिकेत १९३० च्या मंदीत हजारो बँका बुडाल्या. नंतर १९३३ च्या कायद्याने दोन गोष्टी आल्या. एक, ठेवींना विमा. दुसरी, व्याजावर लगाम. चालू खात्यावर व्याज बंद आणि बचत खात्यावर सरकार ठरवेल तेवढंच कमाल व्याज. आता विचार करा, एकाच चौकात दोन बँका, दोघींना व्याज वाढवायची सोय नाही. गिऱ्हाईक ओढायचं कशाने? मग खातं उघडणाऱ्याला टोस्टर द्या, ब्लँकेट द्या, कपबश्या द्या. आणि मुलाला गल्ला द्या, म्हणजे मूल गल्ला भरून आईबापांना ओढत बँकेत आणेल. मुलाला डुक्कर दिलं तर ते कोपऱ्यात पडून राहील. रॉकेट दिलं तर ते उडवून पाहील, आणि उडवायचं तर नाणं लागतं. म्हणजे बघा, खेळण्याला दारूगोळा म्हणून पैसा! ज्याने हे योजलं तो काउंटरवरचाच कुणीतरी असणार, मी पैजेवर सांगतो.

आपल्याकडे बँका 'होम सेफ' द्यायच्या. पोलादी किंवा पितळी डबी, वर फट, फटीला आतून दाते. नाणं आत जाई, उलटं येत नसे. आणि किल्ली बँकेत! डबी घरी, किल्ली आमच्या ड्रॉवरमध्ये. महिन्या-दोन महिन्यांनी माणूस डबी घेऊन यायचा, आम्ही त्याच्यासमोर उघडायचो, मोजायचो, पासबुकात चढवायचो, रिकामी डबी परत. माझ्या काउंटरवर एक गिरणी कामगार यायचे, प्रताप मिलमधले. त्यांच्या डबीत दर वेळी नाण्यांबरोबर कापसाची बोंडकं निघायची. पोरगं कोंबायचं. मी ती वेगळी काढून कागदात बांधून परत द्यायचो, तेवढीच हिशोबाला शिस्त.

पुढे डब्या मागे पडल्या. शाळांमध्ये 'संचयिका' ही मुलांची बचत बँक आली, दारोदारी रोजची ठेव गोळा करणारा पिग्मीवाला आला. पण त्यात गंमत काही नव्हती. रॉकेट तर नव्हतंच.

एक तारीख सांगतो, तुम्हाला भावेल. १९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. आपल्या घड्याळाप्रमाणे २१ जुलैच्या पहाटे पावणेदोनच्या सुमारास अपोलो-११ चं यान चंद्रावर उतरलं आणि सकाळी साडेआठच्या आत माणसाचा पाय लागला. मधे फक्त एक रविवार. मी तेव्हा कॉलेजात होतो. सोमवारी सकाळी आमच्या चौकात रेडिओभोवती जी गर्दी होती तिच्यात अर्धे लोक चंद्राबद्दल बोलत होते आणि अर्धे 'आता गरिबाला बँकेत कर्ज मिळणार' याबद्दल. दोन्ही गटांचे चेहरे सारखेच होते. त्यातल्या दुसऱ्या गटाचं ऐकून मी बँकेची परीक्षा दिली.

---

आमनं_पारोळं

ताई, तुमना गल्ला वाचीसन मन कसं भरी उनं. आमना पारोळाकडे गल्ला फोडाना दिन म्हंजे सणच व्हता भो!

बाकीचं शुद्धमध्ये लिहितो, नाहीतर इथले पुणेकर रागवतील. मातीचा गल्ला आम्ही वर्षभर भरायचो आणि बालाजीच्या रथाला फोडायचो. फोडायचा म्हणजे ओसरीवर गोणपाट, त्यावर गल्ला, आणि मोठ्या भावाच्या हातात वरवंटा. खापऱ्या एका बाजूला, नाणी एका बाजूला. मग माय पहिले नाणी मोजायची आणि त्यातले निम्मे 'ठेवायला' घ्यायची. कुठे ठेवायची ते आजतागायत कळलं नाही. उरलेल्याची पत्र्याची टिकटिक बोट, शिट्टी आणि गोडीशेव.

चोरीची युक्ती : गल्ला उलटा धरायचा, फटीत खराट्याची काडी किंवा केसांचा आकडा घालायचा आणि हळूहळू हलवायचा. नाणं काडीवरून घसरत बाहेर. तुमच्या चंद्रातूनही निघेल. करून बघा आणि आम्हाले सांगा, किती निंघनं ते.

---

धुळ्याचा_मास्तर

वरचं सगळं वाचलं. छान आहे, पण सगळं इतकं गोड नव्हतं, हे कुणीतरी म्हणायला हवं. मास्तर असल्यामुळे ते काम माझ्याकडे येतंच.

ज्या वर्षांत हे गल्ले वाटले जात होते, त्याच वर्षांत अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांना अणुबाँब पडला तर बाकाखाली कसं वाकायचं याची कवायत दिली जात होती. रॉकेट म्हणजे चंद्राची गाडी, आणि रॉकेट म्हणजेच क्षेपणास्त्र. लंडनवर पडलेलं व्ही-२ हे क्षेपणास्त्र बनवणाऱ्या जर्मन पथकाचा प्रमुख वेर्नहर फॉन ब्राउन युद्धानंतर अमेरिकेत आला. १९५२ पासून 'कॉलिअर्स' या खपाच्या साप्ताहिकात तो चंद्रावर कसं जायचं ते रंगीत चित्रांसह सांगत होता, आणि नोकरीत सैन्यासाठी क्षेपणास्त्रं बनवत होता. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाचा उपग्रह स्पुटनिक उडाला तेव्हा अमेरिकेत आनंद झाला नाही, घबराट झाली. क्षेपणास्त्र म्हणून विकले गेलेले गल्लेही त्याच काळातले. म्हणजे पोराच्या हातात आशा दिली होती की भीतीला रंग लावून दिला होता?

मी दोन्ही म्हणेन, पण रोखपालसाहेबांनी चौकातल्या दोन गटांचे चेहरे सारखे होते म्हटलं, तसं त्या देशात नसावं असं मला वाटतं.

आता आपल्याबद्दल. आपण अवकाशाचं स्वप्न गल्ल्यावर लावलं नाही, थेट नोटेवर छापलं. दोन रुपयांची जुनी नोट आठवा, मागच्या बाजूला आर्यभट उपग्रह. १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रॉकेटवरून गेला. साडेतीनशे किलोंच्या वर वजन, आणि चार-पाच दिवसांत वीजपुरवठा बिघडून त्यावरचे प्रयोग बंद पडले. पण नोटेवर तो वर्षानुवर्षं फिरत राहिला. आमच्या वडिलांनी भाजीवाल्याला दिलेल्या प्रत्येक दोन रुपयांबरोबर एक उपग्रह जात होता. मग १९७९ मध्ये 'भास्कर' हा उपग्रह गेला. भास्कर नावाचे जुने गणिती दोन, त्यांतल्या दुसऱ्याची परंपरा सांगणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्याच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून नातवाने मठ काढला, त्याला दिलेल्या दानांची नोंद आहे त्यात. वर्ग घेऊन गेलो होतो एकदा. पोरांनी विचारलं, "सर, दान किती रुपये?" मी म्हटलं, रुपये नाहीत, त्यात तेलाच्या घाण्यामागे काही तेल वगैरे असं आहे. पोरं हसली. मला ते बँकेच्या टोस्टरपेक्षा बरं वाटतं.

ताई, उघडलात का?

---

लोको_कॉलनीची_नात

उघडला! दादा, तुमची किल्ली सापडली. आणि सापडली कुठे, तर त्याच जुडग्यात. चपटी, पत्र्याची, पातळ. मी ती शिलाई मशीनच्या पेटीची समजून तीनदा बाजूला टाकली होती. तेलाचा थेंब, दहा मिनिटं थांबले, अर्धा फेरा, टक्. (पारोळेकर भाऊ, खराट्याची काडी आधी करून पाहिली होती. काडी आत तुटली. ती आता बाहेर निघाली.)

आत निघालं ते असं, वहीत लिहिल्याप्रमाणे :

सहा पावल्या. सगळ्या नव्या पैशांच्या काळातल्या, १९५७ ते १९६३. प्रत्येकीवर हिंदीत 'रुपये का चौथा भाग' लिहिलेलं, कारण तेव्हा लोकांना सांगावं लागत होतं. दोन नव्या पैशांची तीन, एका नव्या पैशाची चार. एक अमेरिकन सेंट, मागे गव्हाच्या लोंब्या, १९५६ चा. बहुधा बापूआजोबांनी पहिला उडवून दाखवलेला. शर्टाचं एक बटण.

आणि एकतीस वायसर.

हो, वायसर. नटबोल्टचे. लोको शेडचे. माझ्याकडे मोजपट्टी आहे, पाऊण इंच. सेंट पण पाऊण इंचाचा. पावली तेवढीच, केस कमी-जास्त. म्हणजे रॉकेटच्या पाठीवर तिन्ही सारखेच बसतात.

मी लगेच धुळ्याला आत्याला फोन लावला. आत्या आता पंचाहत्तरची आहे, ऐकू कमी येतं, आठवण मात्र वकिलासारखी. मी म्हटलं, आत्या, गल्ल्यात वायसर निघाले. तिकडून मिनिटभर नुसतं हसणं.

तिचं म्हणणं असं की पैसे घरात होतेच कुठे रोज गल्ल्यात टाकायला? दिवसाला एक पावली म्हणजे भाजी. पण रॉकेट तर उडवायचंच. आळीतली पोरं रांगेत उभी राहायची, बाबा 'दहा, नऊ, आठ' म्हणायचे. मग आजोबांच्या डब्यातून बाबांनी वायसर आणायला सुरुवात केली. आजोबांना ते कळलं होतं, कारण एक दिवस त्यांनी स्वतःच वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून आणले आणि न बोलता फडताळात ठेवले. बिनकामाचे, झिजलेले, असं आत्या दोनदा म्हणाली, म्हणजे रेल्वेचं नुकसान नव्हतं हं.

इथवर मला वाटलं, कोडं सुटलं. पण मग मी विचारलं, आत्या, किल्ली आजीच्या जुडग्यात कशी?

यावर आत्या गप्प. मग म्हणाली, "किल्ली तर हरवली होती ना. आई म्हणाली होती, किल्ली बापूच्या बोटीवरच राहिली. आम्ही कधीच उघडला नाही तो."

आता हिशोब बघा. बापूआजोबा, काका, मामा, दिवाळी, वाढदिवस मिळून त्या दोन-चार वर्षांत गल्ल्यात पावल्या बऱ्याच गेल्या, हे आत्याला नक्की आठवतं. निदान साठ-सत्तर, असं ती म्हणते. आत निघाल्या सहा. खुळखुळ मात्र तशीच, कारण वायसर जागच्या जागी. आजीने वायसर काढले असते तर वजन कमी झालं असतं आणि पोरांना कळलं असतं.

पारोळेकर भाऊ, तुमच्या मायने 'ठेवायला' घेतलेले निम्मे कुठे गेले ते मला आता साधारण कळलंय.

आत्या रागावली नाही. उलट म्हणाली, "बरोबर. १९६३ ला माझी शाळेची फी भरायची होती आणि आईकडे सगळी चिल्लर निघाली होती. मी तेव्हा म्हटलं होतं, एवढ्या पावल्या कुठून? तर म्हणाली, दुधाचे." आणि मग फोनवरच मला विचारते, "सहा का सोडल्या गं तिने?"

मला उत्तर देता आलं नाही. रोखपालकाका, तुम्हाला सुचतं का?

---

निवृत्त_रोखपाल_अमळनेर

ताई, खातं बंद करायचं नसलं की त्यात किमान शिल्लक ठेवतात. दीड रुपया. आजींना आमच्याकडे घेतलं असतं तर कॅश कधी चुकली नसती.

---

धुळ्याचा_मास्तर

सेंटला हात लावला नाही, हेही बघा. तो बाजारात चालत नव्हता म्हणून असेल. किंवा दिराने पहिला उडवलेला म्हणून. आत्याबाईंना विचारा.

---

लोको_कॉलनीची_नात

विचारलं. आत्या म्हणते, "दोन्ही."

घराचा व्यवहार पुढच्या आठवड्यात आहे. गल्ला मी ठेवतेय. भाऊ म्हणाला ऑनलाइन विकू, चांगले पैसे येतील. त्याला मी वायसरचा फोटो पाठवला, मग गप्प बसला. वायसर परत आत टाकलेत, पावल्याही. किल्ली पुन्हा जुडग्यात.

फक्त एक झालंय. भावाची नात सुट्टीला आली आहे, सहा वर्षांची. काल तिने तो पाहिला. पाच रुपयांचं नाणं ठेवून उडवलं तर रॉकेट सुस्तावलं, नाणं अर्ध्यात पडलं. मग मी पावली दिली. ती बरोबर चंद्रात. तेव्हापासून आतापर्यंत चौदा वेळा किल्ली लावून पावली बाहेर काढून द्यावी लागली आहे.

---

डाय_मोल्ड_जळगाव

ताई, पुन्हापुन्हा उडवू नका म्हटलं होतं ना!

---

लोको_कॉलनीची_नात

तुम्हीच सांगा तिला. फोन देते.